सी विभागातील तुंबलेली टाकी

प्रति,
माननीय अधीक्षक, श्रीमती लुसिंडा बाका,
पालो सेको वाळवंट उद्यान व मुक्कामतळ,
ॲरिझोना.

अर्जदार: एल्रॉय टॉर्गेसन, निवृत्त पोस्टमास्तर, पूर्वीचा मुक्काम सी विभाग, जागा क्रमांक सतरा.

विषय: मोटारहोमच्या संडासाची टाकी तुंबल्याबाबत व त्यातून उद्भवलेल्या आनुषंगिक अडचणीबाबत.

संदर्भ: (अ) माझा जानेवारीतील अर्ज, मैला उपसणाऱ्या गाडीस आत प्रवेश मिळणेबाबत.
(ब) माझा त्यानंतरचा अर्ज, मुक्कामास मुदतवाढ मिळणेबाबत.
(दोहोंचे उत्तर अद्याप अप्राप्त.)

महोदया,

वरील विषयी हा तिसरा अर्ज सादर करताना अर्जदारास संकोच वाटतो. मी नॉर्थ डकोटातील एका लहान गावी पोस्टमास्तर होतो व आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. एकाच माणसाचा तिसरा अर्ज हाती आला की आतल्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे मला ठाऊक आहे. तरी कृपया हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा. पहिल्या दोन अर्जांतील मागण्या आता उरलेल्या नाहीत. एकच मागणी उरली आहे व ती लहान आहे.

१. माझी पत्नी आर्लिस हिला विसरण्याचा आजार आहे. गावाकडचे आमचे घर मोठे होते. त्याला दोन दारे होती आणि ती कोणत्या दाराने बाहेर पडेल याचा नेम राहिला नव्हता. एकदा ती सपाता घालून बर्फात उभी सापडली. विचारले तर म्हणाली, "कोंबड्या आत घ्यायच्या राहिल्यात." आमच्याकडे कोंबड्या कधीच नव्हत्या, त्या तिच्या माहेरी होत्या. तेव्हा आम्ही घर विकून मोटारहोम घेतले. लोकांना वाटले, म्हाताऱ्यांना हिंडायची हौस आली. खरे कारण एवढेच, की मोटारहोमला दार एकच असते आणि मी कुठेही बसलो तरी मला ती दिसते. एवढ्याशा घरात माणूस हरवत नाही. आपल्या तळावर आम्ही नाताळनंतर आलो. मैल्याची नळी जोडण्याची सोय सी विभागातच असल्याने ती जागा मागून घेतली.

२. मोटारहोमचा संडास घरच्यासारखा नसतो, हे आपणांस सांगणे नको. भांड्याखालीच टाकी असते. पायाने पेडल दाबायचे आणि दाबून धरायचे, म्हणजे पाणी भरपूर जाते. कागद पातळ वापरायचा, तोही बेताने. टाकीत पाणी कमी पडले की मैला वाहत नाही, भांड्याखाली जागच्या जागी साचून त्याचा ढीग होतो आणि वाळून घट्ट बसतो. माझी पत्नी अशा शेतावर वाढली की जिथे पाणी विहिरीवरून बादलीने आणावे लागे. ती बाकी पुष्कळ विसरली, परंतु पाणी जपून वापरायचे हे विसरली नाही. ती पेडलला पाय लावते आणि उचलते. मी म्हणतो, "अगं, दाबून धर." ती म्हणते, "सगळं संपवून टाकू का? उद्या काय पिणार?"

कागदाचेही तेच. मी पातळ कागद आणून ठेवला, तर तिने स्वतःच्या पर्समधून जाड नॅपकिन काढले. आम्ही जिथे जिथे जेवलो तिथले तिथले नॅपकिन तिने घड्या घालून जमवले होते. शेवटी मी मोठ्या अक्षरांत सूचना लिहून समोर चिकटवली: पाणी भरपूर, कागद पातळ. तिने ती मोठ्याने वाचली, मान डोलावली आणि म्हणाली, "कोणी लिहिलंय रे? अक्षर काय सुरेख आहे!" त्या दिवसानंतर ती रोज अक्षराचे कौतुक करते. सूचनेचे पालन मात्र झालेले नाही. यात तिचा दोष नाही व तो कोणत्याही नोंदीत तिच्या नावे येऊ नये, ही विनंती.

३. जानेवारीच्या मध्यास टाकी भरल्याचा दिवा लागला. मी बाहेर जाऊन नळी जोडून व्हॉल्व्ह ओढला. थोडे गढूळ पाणी आले व थांबले. दिवा लागलेलाच राहिला. टॉर्च लावून भांड्यात पाहिले तेव्हा ढिगाचे टोक वर, जवळजवळ झाकणापर्यंत आलेले दिसले. त्याचे अधिक वर्णन मी करीत नाही.

४. त्यानंतर जे उपाय केले ते क्रमाने असे. आधी बादल्यांनी गरम पाणी व भांडी घासायचा साबण ओतून रात्रभर ठेवला. सकाळी साबणाचा सुवास आला, दुसरे काही झाले नाही. मग दुकानातून लांब, लवचीक कांडी आणली. तिच्या टोकातून पाण्याचा फवारा निघतो. ती भांड्यातून खाली घालून मी नळ सोडला. फवारा ढिगावर आपटून जसाच्या तसा वर आला. अर्जदारास अंगावरच्या कपड्यांसह बाहेरच्या नळाखाली उभे राहावे लागले. आर्लिस खिडकीतून बघत होती. ती हसली. किती तरी महिन्यांनी ती अशी हसली, हेही येथे नमूद करतो, कारण त्या दिवसाच्या खात्यात तेवढेच जमेचे आहे.

शेजारच्या जागेवर ओक्लाहोमाचे श्री. व्हर्लन टॅकेट राहतात. ते सोळा वर्षे मोटारहोममध्ये राहत आलेले आहेत व त्यांचा उपाय खात्रीचा होता. "बर्फ!" ते म्हणाले. "बर्फाचे तुकडे ओत टाकीत, वर थोडं पाणी, आणि घाल गाडी खडबडीत रस्त्यावर. तुकडे आतल्या आत असे घासतात, की टाकी लख्ख. माझ्या मेहुण्याची झालीय." मी प्रवेशद्वाराजवळच्या दुकानातला होता नव्हता तेवढा बर्फ आणून भांड्यातून आत सोडला. परंतु गाडी नेणार कुठे? (हे पुढे परिच्छेद पाचमध्ये येईल.) म्हणून मी सी विभागाच्या आतल्या गोल रस्त्यावरच फेऱ्या मारू लागलो. हा रस्ता खडबडीत आहे, याबद्दल अर्जदाराची एरवी काही तक्रार नाही.

आर्लिसला वाटले की ही गावची चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक आहे. प्रत्येक फेरीला ती खिडकीतून लोकांना हात करत होती. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून लोकही खुर्च्यांवर बसल्या बसल्या हात करू लागले. श्री. टॅकेट रस्त्याकडेला उभे राहून ओरडत होते, "अजून जोरात! ब्रेक मार, ब्रेक!" तेवढ्यात आपले रेंजर श्री. लोवेल आडवे आले.

"आजोबा, चाललात कुठे?"

"कुठे नाही."

"मग काय करताय?"

"बर्फ हलवतोय."

त्यांनी गाडीकडे पाहिले, आर्लिसकडे पाहिले. तिने त्यांनाही हात केला. ते अवघडून म्हणाले, "मला नोटीस द्यावी लागेल हो. निष्कारण फेऱ्या. कारण लिहायचा रकाना आहे, पण त्यात 'बर्फ' कसं लिहू?" त्यांचे वागणे सौजन्याचे होते. बर्फ वितळला. ढीग होता तसाच राहिला.

५. आता नियमांविषयी. नियमांना नावे ठेवणारा माणूस मी नव्हे. केवळ वस्तुस्थिती मांडतो. शहरात मैला उपसणारी गाडी भाड्याने मिळते. ती गाडी जड असल्याने सी विभागाच्या अलीकडील लहान पुलावरून तिला नेण्यास मनाई आहे. ती फक्त प्रवेशद्वाराजवळील मैला टाकण्याच्या ओट्यापर्यंत येऊ शकते. त्या ओट्यावर कोणतेही वाहन पाऊण तासाहून अधिक उभे राहू शकत नाही, आणि आमच्या कामाला अख्खी दुपार लागेल असे गाडीवाल्याने फोनवर सांगितले. तो म्हणाला, "तुम्हीच या ना आमच्या आवारात." परंतु टाकी रिकामी असल्याचा शिक्का मिळाल्याशिवाय मैल्याच्या नळीची जागा सोडून फाटकाबाहेर जाता येत नाही. आणि त्याच जागेवर पंधरवड्याहून जास्त राहताही येत नाही. याचा अर्थ, टाकी भरलेली असल्याने मला जाण्यास परवानगी नव्हती व मुदत संपत आल्याने थांबण्यासही नव्हती. मी खिडकीवर जाऊन हे सांगितले. आतल्या बाईंनी दोन्ही नियम वाचून पाहिले, पुन्हा वाचले आणि म्हणाल्या, "खरंय की हो." नंतर त्यांनी अर्ज करायला सांगितला. संदर्भातील अर्ज ते हेच.

६. या काळात आमचा संडास बंद असल्याने तळावरील सार्वजनिक प्रसाधनगृहाशिवाय मार्ग नव्हता. मी दिवसातून अनेक वेळा आर्लिसला हाताला धरून तिकडे नेत असे. महिलांच्या दारापर्यंत मी जाऊ शकतो, पुढे तिला एकटीला जावे लागते. आत गेल्यावर आपण कशासाठी आलो हे तिला आठवत नाही. ती हात धुऊन बाहेर येते. कधी बाहेरच येत नाही.

एका सकाळी ती बराच वेळ आली नाही. मी बाहेरून हाका मारल्या. आतून तिचा आवाज आला, "एल्रॉय, कडी कुठेय?" आवाजात रडे होते. आजूबाजूला कोणी बाई दिसेना. मी आत गेलो. आरशापुढे तळावरच मुक्कामास असलेल्या श्रीमती ओपल स्ट्राउड दात घासत उभ्या होत्या. त्यांनी केलेली आरडाओरड रास्त होती. "बाहेर व्हा! लाज नाही वाटत या वयात?" असे त्या म्हणाल्या. मी दाराखालून हात घालून आर्लिसला कडी दाखवत होतो, त्यामुळे मला ताबडतोब उत्तर देता आले नाही. त्यांनी दिलेल्या तक्रारीवरून मला मिळालेली ताकीद योग्यच आहे व ती मी मान्य करतो.

त्याच दुपारी मी आर्लिसला घेऊन श्रीमती स्ट्राउड यांच्या गाडीपाशी माफी मागायला गेलो. त्यांनी दार अर्धेच उघडले. मी बोलायला सुरुवात करणार, तोच आर्लिस पुढे झाली व त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "अगं ये ना! बाहेर काय उभी? कॉफी टाकलीच आहे मी." आणि त्यांना त्यांच्याच गाडीत घेऊन गेली. आत बसवून तिने सगळी कपाटे उघडून पाहिली, कप सापडेनात, तेव्हा ती गोंधळून मधोमध उभी राहिली. श्रीमती स्ट्राउड उठल्या. त्यांनी कप काढले आणि तिच्या हातात देत म्हणाल्या, "बघ, किती छान आवरून ठेवतेस तू घर." मला त्या एवढेच म्हणाल्या, "माझी आईही अशीच होती. तुम्ही सकाळीच सांगायचं ना."

त्या दिवसापासून त्या तिला सोबत घेऊन जाऊ लागल्या. एकीचा टॉवेल दुसरीच्या खांद्यावर, अशा दोघी हसत परत येत. तक्रार त्यांनी लेखी मागे घेतली आहे. परंतु त्यांच्या मुलाकडे ओरेगॉनला जायचे त्यांचे आधीच ठरले होते. त्या गेल्या. जाताना आर्लिसला मिठी मारून त्यांनी बराच वेळ सोडले नाही. आर्लिसने नंतर मला विचारले, "कोण होत्या रे त्या? फार मायाळू वाटल्या."

७. टाकी अखेर मोकळी झाली, हे कळविण्यास आनंद होतो. त्यात माझे कर्तृत्व काही नाही. करण्यासारखे काही उरले नाही तेव्हा मी ती काठोकाठ पाण्याने भरली आणि तशीच सोडून दिली. हात लावायचा नाही, बघायचे नाही, वापरायचे नाही. आठवडा गेला, आणखी काही दिवस गेले. श्री. टॅकेट रोज येऊन म्हणत, "अरे, अजून एकदा बर्फ करू." मी नाही म्हणत असे. एका सकाळी सहज व्हॉल्व्ह ओढला. आधी काही नाही. मग आत खोल कुठेतरी घुसमटल्यासारखा आवाज झाला आणि सगळे एकदम सुटले. नळीला जो काचेसारखा पारदर्शक तुकडा असतो, त्यातून ते जाताना दिसत होते. मी श्री. टॅकेट यांना हाक मारली. आम्ही दोघे म्हातारे शेजारी शेजारी उभे राहून, नळीत पाणी स्वच्छ दिसू लागेपर्यंत बघत होतो. मधेच त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ते म्हणाले, "बर्फानं आधी सैल करून ठेवलं होतं बघ." मी होकार दिला.

त्यामुळे संदर्भातील दोन्ही अर्ज निकाली समजावेत. टाकी रिकामी आहे. शिक्का मिळाला आहे. सी विभाग सोडून आम्ही साध्या जागेवर आलो आहोत व भरलेली टाकी मी वेळच्या वेळी ओट्यावर नेऊन रिकामी करतो. पाण्याचे पेडल आता आर्लिसच्या जागी मी स्वतः दाबीन, असे ठरवले होते.

८. परंतु महोदया, आर्लिस आता आमच्या संडासात जात नाही.

टाकी तुंबली होती त्या दिवसांत ती तिकडे वळली, की मी तिला अडवत असे. "इथे नाही, आर्लिस. इथे नाही." दिवसातून किती वेळा म्हणालो असेन याला हिशेब नाही. तिला सकाळचा नाश्ता दुपारी आठवत नाही. मुलीचे नाव सांगावे लागते. डॉक्टर म्हणाले होते की नवे असे आता तिच्या ध्यानात काही राहणार नाही. तरीही हे राहिले. गेल्या वर्षभरात ती नव्याने शिकलेली ही एकच गोष्ट. मी दार उघडून धरतो, पाणी सोडून दाखवतो, "झालं बघ दुरुस्त," म्हणतो. ती मलाच समजावते, "इथे नाही, एल्रॉय. इथे नाही." माझ्याच आवाजात म्हणते. मग पर्स हातात घेते आणि तळावरच्या प्रसाधनगृहाकडे चालू लागते.

९. तेथे महिलांच्या व पुरुषांच्या दारांमध्ये तिसरे एक दार आहे. त्यावर पुरुष, स्त्री व मूल एकमेकांचे हात धरून उभे असल्याचे चित्र आहे. ते कुटुंबांसाठी, म्हणजे जेथे नवरा-बायकोला एकत्र जाता येते, असे प्रसाधनगृह आहे. आर्लिसला ते चित्र समजते. चित्रावर बोट ठेवून ती म्हणते, "हे आपलं." आणि तिचे बरोबर आहे. आमच्यासारख्यांसाठीच ते बांधलेले असावे.

त्या दाराला कुलूप आहे. चौकशी करता आत नाताळच्या सजावटीचे सामान व घडीच्या खुर्च्या ठेवल्याचे समजले. किल्ली कार्यालयात आहे व अर्जाशिवाय देता येत नाही, असे खिडकीवर सांगण्यात आले.

दाराला कुलूप आहे हे आर्लिसला पटत नाही. दार बंद म्हणजे आत कोणीतरी आहे, असेच ती धरून चालते. भरल्या घरात वाढलेली बाई ती, भावंडे पुष्कळ आणि संडास एक. आत कोणी असताना दार हलवणे तिला असभ्यपणाचे वाटते. ती भिंतीशी नीट उभी राहते, पर्स पोटाशी धरते आणि थांबते. मी म्हणतो, "चल, दुसरीकडे जाऊ." ती कुजबुजते, "नंबर जाईल आपला." मग मीही तिच्या शेजारी उभा राहतो. एकदा नुकतेच आलेले एक जोडपे आम्हाला पाहून आमच्या मागे उभे राहिले, त्यांच्या मागे आणखी एक गृहस्थ. कुलूपबंद दारापुढे रांग लागली. मला त्यांना खरे सांगता आले नाही, कारण ते आर्लिसला ऐकू गेले असते.

१०. थांबता थांबता काही वेळा उशीर होतो. त्याविषयी मी लिहू शकत नाही. तिला मी घरी आणतो, आंघोळ घालतो, कपडे धुतो. ती मान खाली घालून म्हणते, "माफ करा हं, तुम्हाला उगाच त्रास." ती मला 'तुम्ही' म्हणते. त्या वेळी मी कोण आहे हे तिला ठाऊक नसते, आणि कोणा परक्या माणसाने हे करावे याची तिला लाज वाटते. बासष्ट साली आमचे लग्न झाले, असे मी सांगितले तर ती आणखीच लाजेल, म्हणून मी गप्प राहतो.

११. सबब विनंती, की सदर कुटुंब प्रसाधनगृहाचे दार उघडून मिळावे. आतील सजावटीचे सामान व खुर्च्या मोटारहोमच्या पोटातील कप्प्यात पुढील नाताळापर्यंत सांभाळून ठेवण्याची हमी मी देतो. श्री. टॅकेट यांनीही त्यांचा कप्पा देऊ केला आहे. तेथील रोजची साफसफाई मी करीन. पाणी भरपूर, कागद पातळ, याची जबाबदारी माझी. दार कायमचे उघडणे नियमात बसत नसेल तर किल्लीची एक प्रत द्यावी. तीही बसत नसेल तर कोणीतरी येऊन एकदा ते दार आर्लिसदेखत उघडावे, एवढे तरी व्हावे.

कारण काल तिने दारावर अगदी हलके टकटक केले, दाराशी तोंड नेले आणि आतल्या माणसाला म्हणाली, "सावकाश होऊ द्या हं. आम्हाला काही घाई नाही."

महोदया, आम्हाला घाई आहे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
एल्रॉय टॉर्गेसन
दि. २१ फेब्रुवारी

सोबत: रेंजर श्री. लोवेल यांच्या नोटिशीची प्रत; श्रीमती स्ट्राउड यांचे तक्रार मागे घेतल्याचे पत्र.